सिरिंजच्या पाकिटावर ‘पायरोजन फ्री’ का लिहिलेलं असतं? मेलेल्या जिवाणूंच्या पुंजक्यांची गोष्ट

मेडिकलमधून सिरिंज आणली की तिच्या पाकिटावर बारीक अक्षरांत दोन गोष्टी छापलेल्या दिसतात. एक ‘स्टराइल’ आणि दुसरी ‘पायरोजन फ्री’. स्टराइल म्हणजे निर्जंतुक, हे सगळ्यांनाच माहिती आहे. पण एकदा निर्जंतुक म्हटल्यावर पुन्हा ‘पायरोजन फ्री’ सांगायची गरज काय?

गरज आहे, कारण या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एखादं इंजेक्शन पूर्णपणे निर्जंतुक असू शकतं, त्यात एकही जिवंत जंतू नसतो, आणि तरीही ते शिरेतून दिल्यावर तासा-दोन तासांत पेशंटला हुडहुडी भरते, ताप चढतो आणि प्रमाण जास्त असेल तर बीपी धोकादायक पातळीपर्यंत खाली येतं. पायरोजन म्हणजे ताप आणणारा पदार्थ. आणि औषधाच्या कारखान्यात ज्या पायरोजनची सगळ्यात जास्त धास्ती असते, त्याचं नाव आहे एंडोटॉक्सिन.

हे एंडोटॉक्सिन उकळून जात नाही, जंतू अडवणाऱ्या गाळणीत अडकत नाही आणि कधीकधी टेस्टलाही चकवा देतं. यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ त्याच्या एका सवयीत आहे. ती सवय म्हणजे पाण्यात गेल्यावर एकमेकांना चिकटून पुंजके करणं.

एंडोटॉक्सिन म्हणजे नेमकं काय?

गोष्ट सुरू होते १८९२ च्या सुमारास, बर्लिनमध्ये. रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत रिचर्ड फायफर नावाचे शास्त्रज्ञ कॉलराच्या जिवाणूंवर काम करत होते. त्यांनी जिवाणू उष्णतेने मारले आणि ते मेलेले जिवाणू गिनीपिगना टोचले. अपेक्षा अशी की जंतू मेले म्हणजे विषय संपला. पण गिनीपिग तरीही आजारी पडले आणि दगावले.

फायफर यांनी निष्कर्ष काढला की हे विष जिवाणू बाहेर सोडत नाही, ते त्याच्या शरीराचाच भाग आहे आणि उष्णतेला दाद देत नाही. ‘एंडो’ म्हणजे आतलं, म्हणून नाव पडलं एंडोटॉक्सिन.

पुढे कळलं की हे विष आतमध्ये नाही, तर जिवाणूच्या सगळ्यात बाहेरच्या आवरणात असतं. ई-कोलाय, टायफॉइडचा साल्मोनेला, कॉलराचा जिवाणू अशा ‘ग्रॅम-निगेटिव्ह’ गटातल्या जिवाणूंना हे बाहेरचं आवरण असतं. त्याचा मोठा भाग ज्या रेणूंनी बनलेला असतो त्यांना म्हणतात लायपोपॉलिसॅकराइड, थोडक्यात एलपीएस. एका ई-कोलायच्या अंगावर असे साधारण १० लाख रेणू असतात. जिवाणू वाढताना त्यातले काही सुटून पडतात आणि तो मेला, फुटला की मोठ्या प्रमाणात मोकळे होतात. एलपीएस आणि एंडोटॉक्सिन हे शब्द बहुतेक वेळा एकाच अर्थाने वापरले जातात.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. एंडोटॉक्सिन पोटात गेलं म्हणून घाबरायचं कारण नाही. आपल्या आतड्यात असे अब्जावधी जिवाणू कायमचे मुक्कामाला असतात. धोका असतो तो हे रेणू थेट रक्तात पोचल्यावर. म्हणूनच ही सगळी काळजी इंजेक्शन, सलाईन, डायलिसिसचं पाणी आणि शरीरात बसवायच्या उपकरणांसाठी घेतली जाते.

पाण्यात पुंजके का होतात?

तेलकट कढई नुसत्या पाण्याने धुतली की तेलाचे थेंब पाण्यात मिसळत नाहीत, एकमेकांकडे सरकतात आणि वर तवंग धरतात. तेलाला पाणी नको असतं असं आपण म्हणतो. खरं तर पाण्याचे रेणू आपापसात घट्ट जोडलेले असतात आणि तेलाला मध्ये जागा देणं त्यांना परवडत नाही. म्हणून तेल एका बाजूला ढकललं जातं.

एलपीएसचा रेणू अर्धा तेलासारखा आणि अर्धा साखरेसारखा आहे. त्याचे तीन भाग असतात. एका टोकाला ‘लिपिड ए’. यात मेदाच्या शेपट्या असतात, ई-कोलायमध्ये अशा सहा शेपट्या असतात. मधला भाग साखरेच्या रेणूंचा. आणि दुसऱ्या टोकाला अनेक जिवाणूंमध्ये साखरेची लांबच लांब माळ असते. साखरेच्या भागाला पाणी आवडतं, शेपट्यांना अजिबात नाही.

असा रेणू पाण्यात सोडला की शेपट्या पाण्यापासून लपायची जागा शोधतात. सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या रेणूच्या शेपट्यांना चिकटणं. मग तिसरा येतो, चौथा येतो. शेपट्या आत आणि साखरेचा भाग बाहेर, असा पुंजका तयार होतो. साबणाचे रेणूही पाण्यात हेच करतात. फरक इतकाच की साबणाच्या रेणूला एक शेपटी, तर इथे सहा. त्यामुळे एलपीएसला पुंजका करायला फार गर्दी लागत नाही, पाण्यात अगदी नगण्य प्रमाण असलं तरी काम होतं.

आकड्यांत सांगायचं तर एलपीएसच्या एका सुट्या रेणूचं वजन साधारण १० ते २० हजार डाल्टन असतं. डाल्टन हे रेणूंचं वजन मोजायचं एकक. पण पाण्यात हेच रेणू १० लाख डाल्टन किंवा त्याहून जड पुंजक्यांच्या रूपात सापडतात. म्हणजे एका पुंजक्यात पन्नास, शंभर किंवा त्याहून जास्त रेणू. हे पुंजके कधी गोळ्यासारखे असतात, कधी चपट्या पापुद्र्यासारखे, तर कधी आतून पोकळ फुग्यासारखे.

बोअरच्या पाण्याचा आणि याचा संबंध

इथे एक अडचण आहे. लिपिड ए आणि त्याच्या शेजारच्या भागावर फॉस्फेट असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात, हे शाळेत सगळेच शिकले आहेत. मग हे रेणू इतके जवळ कसे बसतात?

याचं उत्तर आहे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. या दोन्हींवर धन भार असतो आणि तोही दुप्पट. त्यामुळे एक मॅग्नेशियम दोन शेजारच्या रेणूंचे फॉस्फेट दोन्ही हातांनी धरून ठेवू शकतं. विटांच्या मध्ये सिमेंट असतं तसं.

बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरट थर बसतो, तोही याच कारणाने. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाच्या रेणूंना धरून त्यांचा साका करतं. एलपीएसच्या बाबतीत हीच रसायनं पुंजका मजबूत करतात.

याचा अर्थ पुंजका मोडायचा असेल तर दोन रस्ते आहेत. एक, मधलं सिमेंट काढून घ्यायचं. ईडीटीए किंवा सायट्रेटसारखी रसायनं कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून घेतात. दोन, साबणासारखे पदार्थ घालून शेपट्यांना लपायला दुसरी जागा द्यायची. हे दोन रस्ते लक्षात ठेवा, कारण पुढे हेच डोकेदुखी ठरतात.

उकळून, गाळून का जात नाही?

हॉस्पिटलमध्ये उपकरणं निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह वापरतात. १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ. यात जिवाणू मरतात, पण एलपीएस जवळपास जसंच्या तसं राहतं. ते नष्ट करायला काचेची भांडी २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत निदान अर्धा तास ठेवावी लागतात. काचेला हे चालतं, औषधाला चालत नाही.

मग गाळायचं? जंतू अडवणाऱ्या गाळणीची छिद्रं ०.२२ मायक्रॉनची असतात. जिवाणू त्यात अडकतो, पण एलपीएसचे बहुतेक पुंजके त्यापेक्षाही लहान असल्याने आरामात पार होतात.

अमेरिकेत फ्लॉरेन्स सायबर्ट या संशोधिकेने १९२३ मध्ये येल विद्यापीठात नेमका हाच घोळ उलगडला होता. तेव्हा शिरेतून इंजेक्शन दिल्यावर पेशंटला कारण नसताना ताप यायचा आणि डॉक्टर औषधाला दोष द्यायचे. सायबर्टने दाखवलं की दोष औषधाचा नसून ते ज्यात विरघळवलंय त्या डिस्टिल्ड वॉटरचा आहे. पाणी उकळताना उडणारे बारीक थेंब वाफेबरोबर पलीकडे जायचे आणि त्यांच्यासोबत जिवाणूंचा माल. नंतर पाणी कितीही निर्जंतुक केलं तरी ताप आणणारा पदार्थ तसाच राहायचा. तिने थेंब अडवणारं नवं उपकरण बनवलं आणि ताप थांबला. टीबीच्या त्वचा चाचणीत वापरलं जाणारं पीपीडी शुद्ध स्वरूपात तयार करण्याचं श्रेयही पुढे तिलाच मिळालं.

आज कारखान्यांकडे याहून बारीक चाळण आहे, तिला अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणतात. ती १० हजार डाल्टनच्या आसपासच्या आकाराचे रेणूही अडवू शकते. औषधाचा रेणू लहान असेल तर तो पार होतो आणि एलपीएसचा भलामोठा पुंजका मागे राहतो. म्हणजे इथे पुंजका होणं आपल्या फायद्याचं आहे. पण द्रावणात साबणासारखा पदार्थ किंवा ईडीटीए असेल, तर पुंजके फुटतात आणि त्यातले सुटे रेणू चाळणीतून निसटू शकतात. मशीन तेच, चाळण तीच, फक्त सोबतचं रसायन बदललं आणि निकाल फिरला.

शरीराला पुंजका दिसतो की सुटा रेणू?

आपल्या रक्तात एलबीपी नावाचं प्रथिन असतं. ते पुंजक्याला भिडतं आणि त्यातले रेणू सुटे करून पुढे सीडी-१४ नावाच्या प्रथिनाकडे सोपवतं. तिथून रेणू पोचतो पेशीवरच्या टीएलआर-४ आणि एमडी-२ या जोडीकडे. टीएलआर-४ हा एलपीएस ओळखणारा पहारेकरी आहे हे ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं आणि या कामासाठी त्यांना २०११ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली की पेशी दाहकारक रसायनं सोडतात. ताप, हुडहुडी, अंगदुखी ही त्याचीच लक्षणं. हीच यंत्रणा बेफाम झाली तर बीपी पडतं, अवयव निकामी होऊ लागतात. त्याला सेप्टिक शॉक म्हणतात.

खरा परिणाम पुंजका करतो की सुटा रेणू, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे. एका गटाच्या प्रयोगांत पुंजके जास्त प्रभावी ठरले, तर दुसऱ्या गटाने दाखवलं की एमडी-२ ला जोडलेला एकटा रेणूही पेशीला जागं करायला पुरेसा आहे.

शेपट्यांची संख्या बदलली की चित्र बदलतं, यावर मात्र एकमत आहे. सहा शेपट्यांचा लिपिड ए शंकूसारखा पसरट असतो आणि माणसाच्या शरीरात मोठी खळबळ उडवतो. चार शेपट्यांचा दंडगोल असतो, त्याचे पुंजके वेगळ्या रचनेचे होतात आणि पहारेकरी फारसा दखल घेत नाही. प्लेगचा जिवाणू याचाच फायदा घेतो. पिसवेच्या थंड शरीरात तो सहा शेपट्यांचे रेणूही बनवतो, पण माणसाच्या ३७ अंश तापमानात आला की चार शेपट्यांवर येतो. १८९६ मध्ये मुंबईत आणि त्यानंतर पुण्यात हाहाकार माजवणाऱ्या रोगाच्या जंतूकडे शरीराला गाफील ठेवायची ही युक्ती आहे.

खेकड्याचं निळं रक्त आणि दह्यासारखी टेस्ट

आता मुद्दा येतो मोजायचा. १९४० च्या दशकापासून औषध सशाला टोचून त्याला ताप येतो का हे बघायची पद्धत होती. मग १९५६ मध्ये फ्रेडरिक बँग या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या रक्तात ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू गेले की रक्त गोठतं. १९६४ मध्ये त्यांनी आणि जॅक लेविन यांनी दाखवलं की हे काम एंडोटॉक्सिनचं आहे. त्यावरून एलएएल नावाची टेस्ट तयार झाली आणि १९७० च्या दशकात ती औषध कंपन्यांत रुळली. या जीवाला नावातच क्रॅब असलं तरी तो नात्याने खेकड्यापेक्षा कोळी-विंचवाला जवळचा आहे. भारतात त्याच्या दोन जाती ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आढळतात.

एलएएलचा सगळ्यात साधा प्रकार दही लागलंय का हे बघण्यासारखा आहे. काचेच्या छोट्या नळीत औषध आणि हा अर्क एकत्र करून ३७ अंशांवर तासभर ठेवायचा आणि नळी उलटी करायची. आतला माल घट्ट बसून राहिला तर एंडोटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त आहे. ओघळला तर औषध पास.

ही मर्यादा किती कडक आहे? शिरेतून दिल्या जाणाऱ्या बहुतेक औषधांसाठी वजनाच्या दर किलोमागे तासाला ५ एंडोटॉक्सिन युनिट. ६० किलोच्या माणसासाठी ३०० युनिट, म्हणजे प्रमाण म्हणून वापरल्या जाणाऱ्या ई-कोलायच्या एंडोटॉक्सिनच्या हिशेबाने जेमतेम ३० नॅनोग्रॅम. मिठाच्या एका कणाचे दोन हजार तुकडे केले तर त्यातला साधारण एक तुकडा.

आणि मोजमाप ग्रॅममध्ये न करता ‘युनिट’मध्ये का, याचं एक कारण पुन्हा पुंजके. सारख्याच वजनाचं एलपीएस वेगवेगळ्या जिवाणूंमधून आलं किंवा वेगळ्या रचनेत असलं तर परिणाम वेगळा होतो. त्यामुळे वजनाऐवजी परिणाम मोजला जातो. एलपीएस नळीच्या भिंतीलाही चिकटतं, म्हणून टेस्टच्या आधी प्रमाण द्रावण बराच वेळ जोरात घुसळावं लागतं. घुसळणं कमी पडलं तर आकडा चुकतो.

टेस्ट पास, पण विष तिथेच?

२०१३ मध्ये जेनेनटेक या कंपनीच्या संशोधकांनी एक अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली. अनेक आधुनिक जैविक औषधांत प्रथिनं बाटलीला चिकटू नयेत म्हणून पॉलिसॉर्बेट नावाचा साबणासारखा पदार्थ असतो आणि आम्लता स्थिर राहावी म्हणून सायट्रेट किंवा फॉस्फेट. अशा औषधात मुद्दाम मोजून एंडोटॉक्सिन घातलं तर सुरुवातीला ते टेस्टमध्ये दिसायचं, पण काही तास किंवा दिवस गेल्यावर दिसेनासं व्हायचं. कुणी काढलं नव्हतं, तरी रिपोर्टमध्ये शून्याच्या जवळ.

पुंजके मोडायचे वर सांगितलेले दोन्ही रस्ते इथे एकाच बाटलीत आले होते. सायट्रेट मधलं सिमेंट ओढून घेतं आणि पॉलिसॉर्बेट सुट्या झालेल्या रेणूंच्या शेपट्या आपल्यात लपवून टाकतं. टेस्टमधलं ‘फॅक्टर सी’ नावाचं प्रथिन लिपिड ए पकडायला बघतं, पण तोच भाग झाकला गेलेला असतो. या प्रकाराला आता ‘लो एंडोटॉक्सिन रिकव्हरी’ म्हणतात.

असं झाकलेलं एंडोटॉक्सिन पेशंटच्या रक्तात गेल्यावर पुन्हा उघडं पडतं का? काही प्रयोगांत सशांना ताप आला, काहींत आला नाही. उत्तर एका साच्यातलं नाही, म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने अशा औषधांच्या कंपन्यांकडून जादा पुरावा मागायला सुरुवात केली. औषधात ठराविक एंडोटॉक्सिन घालून ते दिवसांनंतरही टेस्टमध्ये सापडतंय हे दाखवा. सापडत नसेल तर टेस्टची पद्धत बदला. त्यासाठी काही ठिकाणी टेस्टच्या आधी मुद्दाम मॅग्नेशियमसारखी रसायनं घालून रेणू पुन्हा पुंजक्यात आणले जातात, म्हणजे फॅक्टर सीला ते दिसावेत.

दरम्यान, हॉर्सशू क्रॅबचं रक्त न काढता प्रयोगशाळेतच फॅक्टर सी तयार करण्याची पद्धत सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील डिंग जीक लिंग आणि हो बाओ यांनी विकसित केली. युरोपच्या औषधसंहितेने २०२१ पासून तिला स्वतंत्र जागा दिली आहे. प्राण्यांसाठी ही चांगली बातमी आहे, पण लपलेल्या रेणूंचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटत नाही. कारण फॅक्टर सी रक्तातला असो की प्रयोगशाळेतला, झाकलेलं त्यालाही दिसत नाही.

सामान्य माणसाने यातून काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, मर्यादा कागदावर असून भागत नाही, डोसही बघावा लागतो. १९९८ मध्ये अमेरिकेत जेंटामायसिन हे अँटिबायोटिक शिरेतून दिल्यावर पेशंटना काही तासांत हुडहुडी भरल्याच्या घटना समोर आल्या. दिवसभरात विभागून द्यायचं हे औषध तेव्हा अनेक ठिकाणी एकाच मोठ्या डोसमध्ये दिलं जात होतं. प्रत्येक मिलिग्रॅममागचं एंडोटॉक्सिन नियमात असलं तरी एकदम दिल्यावर तासाची मर्यादा ओलांडली जाऊ शकते, हे तेव्हा लक्षात आलं.

दुसरी गोष्ट, प्रत्येक ताप म्हणजे भेसळ नव्हे. लहान बाळांच्या त्रिगुणी किंवा पेंटा लशीत डांग्या खोकल्याचे मारलेले अख्खे जिवाणू असतात, त्यांच्या आवरणात एंडोटॉक्सिन असणारच. लस दिल्यावर बाळाला एक-दोन दिवस ताप येतो त्यामागचं हे एक कारण आहे. ते अपेक्षित आहे, त्यासाठी लस टाळायची नसते.

तिसरी गोष्ट, सलाईन किंवा शिरेतून औषध चालू असताना अचानक दात वाजण्याइतकी थंडी भरली, धाप लागली किंवा चक्कर आली, तर ‘चादर आणा’ एवढ्यावर थांबायचं नाही. सिस्टर किंवा डॉक्टरांना लगेच बोलवायचं. थेंब थांबवायचे की नाही हे ते ठरवतील. थंडीची कारणं बरीच असतात, पण त्यातलं एक बाटलीत असू शकतं. म्हणून ती बाटली फेकून न देता बाजूला ठेवायला आणि बॅच नंबर लिहून घ्यायला सांगायचं. औषधांच्या अशा दुष्परिणामांची नोंद भारतात फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे करता येते. त्यासाठीची टोल फ्री हेल्पलाइन आहे १८००-१८०-३०२४.